झुलालची वंशावळ

नाजमीन तडवी धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. सात वर्षं झाली होती, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये मुलाखत द्यायची, मार्चमध्ये घरी बसायचं आणि पुन्हा जूनमध्ये, ज्यांच्याबरोबर वर्षभर चहा प्यायला त्यांच्याच समोर बसून स्वतःचं नाव, शिक्षण, अनुभव सांगायचा. तोताराम सर विभागप्रमुख होते, भला माणूस. दर वर्षी मुलाखतीत ते तिला विचारायचे, "आपला परिचय द्या," आणि विचारताना स्वतःच ओशाळायचे.

तृतीय वर्षाला एक प्रकरण होतं, आदिवासी समाजाचं. बाकीची प्रकरणं ती बोलून शिकवायची. रांगेत पुढे घुसणाऱ्या बाईवरून सामाजिक नियंत्रण समजावून सांगायची, वर्ग हसायचा. हे एक प्रकरण मात्र ती वहीतून उतरवून द्यायची. वैशिष्ट्य पहिलं, समान भूप्रदेश. वैशिष्ट्य दुसरं, समान बोली. मुली लिहीत राहायच्या आणि एका तासात प्रकरण संपायचं.

मागच्या दोन बाकांवर वसतिगृहातल्या मुली बसायच्या, साक्रीकडच्या, शिंदखेड्याच्या, कुणी थेट सातपुड्यातल्या. त्यांनी वेळापत्रकावर तिचं आडनाव वाचलेलं असायचं. तडवी म्हणजे कोण हे त्यांना सांगायला नको होतं. सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल, मागे कधीतरी मुसलमान झालेले. नमाज पढणारे आणि सरकारी कागदावर अनुसूचित जमातीत मोडणारे. मॅडम काहीतरी म्हणतील म्हणून त्या मुली बघत राहायच्या. पुढच्या बाकांवरच्या बुरखा घालणाऱ्या मुली तिला आपल्यातली समजून ईदचा डबा आणायच्या. नाजमीननं कुणालाच कधी काही सांगितलं नाही. गप्प राहिलं म्हणजे खोटं बोललं असं होत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

त्या वर्षी मागच्या बाकावर अफरीन तडवी नावाची मुलगी होती. काळीसावळी, किरकोळ, आणि लिहिताना मध्येच थांबून सरळ तोंडाकडे बघणारी. वीस गुणांच्या प्रकल्पात, 'आपल्या समाजातील विवाह' या विषयावर, बाकीच्यांनी गाईडमधून उतरवलं होतं. अफरीननं घरचं लिहिलं. सकाळी काझी येऊन निकाह लावतो, पण आदल्या दिवशी मामा जंगलातून सालईची मेढ, म्हणजे मांडवाचा खांब, आणून अंगणात रोवतो, आजी मेढीला हळद लावून सात पिढ्यांची नावं घेते, आणि ती नावं घेतल्याशिवाय मांडवावर पाला चढत नाही. पहिल्या पानावर गावाचं नाव होतं, पालझिरी, तालुका चोपडा.

ते नाव वाचून नाजमीननं पान पटकन उलटलं होतं. पालझिरी तिच्या बापाचं गाव. पाच वर्षांची असताना कुणाच्या तरी मयतीला ती तिथं गेली होती, तेवढंच. तिनं अफरीनला वीसपैकी सहा गुण दिले आणि लाल पेनानं खाली लिहिलं, 'संदर्भग्रंथ कोणते? ऐकीव माहिती चालणार नाही.'

दिवाळीनंतर जळगावहून पत्र आलं. तिथल्या एका कॉलेजात समाजशास्त्राची कायम जागा निघाली होती, एकच, अनुसूचित जमातीसाठी राखीव. निवड यादीत तिचं नाव पहिलं होतं. अतिक, तिचा नवरा, विजेच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचा. हाताला वार्निश लागलेलं तसंच घेऊन तो दुकानातून धावत आला आणि तीन वर्षांच्या हुमाला त्यानं खांद्यावर घेऊन नाचवलं. नाजमीन मात्र हुमाचं डोकं वरच्या पंख्याला लागेल म्हणून पंख्याकडेच बघत होती. तिचा स्वभावच तसा झाला होता. कुठल्याही आनंदात आधी वरचा पंखा दिसायचा.

पत्राच्या खाली अट होती. सहा महिन्यांत जात वैधता प्रमाणपत्र आणायचं. नाही आणलं तर यादीतलं पुढचं नाव. नुसता जातीचा दाखला पुरत नाही. एक समिती असते, ती जुनी कागदपत्रं तपासते, चौकशीला माणूस घरी पाठवते, आणि मग समोर बसवून विचारते, तुमच्याकडे लग्न कसं लागतं, मयत कशी होते, देव कोणते, बोली कोणती. सांगणारा खराच त्या जमातीचा आहे का, ते त्यावरून ठरवतात.

कागदांत एक कागद तिच्या बाजूचा होता. पालझिरीच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, तिच्या आजोबांपुढे 'भिल तडवी' लिहिलेलं होतं. त्याच्याच जोरावर तिला जातीचा दाखला मिळाला होता. आणि एक कागद विरुद्ध होता, तिच्या स्वतःच्या शाळेचा. तिथं जातीच्या रकान्यात 'मुसलमान' होतं.

तो शब्द तिच्या अब्बांनी लिहायला लावला होता. हाशम तडवी तरुणपणी पालझिरी सोडून जळगावला दाळ मिलमध्ये कामाला लागला. मेहरूणमध्ये चांगल्या मोहल्ल्यात खोली हवी होती, पुढे पोरीला चांगलं स्थळ हवं होतं. भिल्ल म्हटलं की लोक पाण्याचा पेला वेगळा ठेवतात हे त्यानं पाहिलं होतं. कुणी विचारलं तर तो सांगायचा, आम्ही तडवी पठाण. शाळेच्या गुरुजींनी जात विचारली तेव्हा म्हणाला, मुसलमान लिहा. घरात खानदेशी बोलायची बंदी होती. नाजमीन लहानपणी एकदा 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाली म्हणून तिच्या तोंडावर चापट बसली होती. पुढे शाळेत आणि कॉलेजात ती इतकी स्वच्छ मराठी बोलू लागली, की वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांनी तिला पुण्याची समजलं होतं. तेव्हा बापलेक दोघांना त्याचा अभिमान वाटला होता.

म्हणजे समितीनं विचारलं असतं, तर तिला स्वतःबद्दल काहीच माहीत नव्हतं. जे माहीत होतं ते वहीत उतरवून द्यायच्या पाच वैशिष्ट्यांत होतं.

चार दिवस तिनं ग्रंथालयात घालवले. मग एका दुपारी तास सुटल्यावर अफरीनला थांबवलं आणि जिन्याखालच्या बाकावर बसवलं. आपण कोण, वडील कुठले, पत्र काय आलंय, सगळं एका दमात सांगून टाकलं. अफरीननं शांतपणे ऐकून घेतलं. ती चकित झाली नाही, याचंच नाजमीनला जास्त वाटलं.

"आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं मॅडम," अफरीन म्हणाली. "तुमचा चेहरा आमच्या मोठ्या फुफीसारखा आहे. मुली म्हणायच्या, बोल ना त्यांच्याशी. मी म्हटलं, त्यांना नसेल आवडत."

नाजमीननं मान खाली घातली. मग लग्नाचं, मेढीचं, सगळं नीट सांगशील का म्हणून विचारलं.

"सांगेन की," अफरीन म्हणाली. "पण ऐकीव माहिती चालेल का?"

तिच्या ओठाच्या कडेला हसू होतं. नाजमीनलाही हसावं लागलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्या रविवारी हुमाला घेऊन ती अफरीनबरोबर पालझिरीला गेली. चोपड्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा. वाटेत तिनं हुमाला तीनदा हात पुसायला लावले, उकळलेल्या पाण्याची बाटली मांडीत धरून ठेवली, दारातल्या कुत्र्याला इंजेक्शन दिलंय का तेही विचारलं. अफरीनची आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचं नाव कस्तुरा. पाच वेळ नमाज पढणाऱ्या बाईचं नाव कस्तुरा कसं, हे नाजमीनच्या ओठांवर आलं होतं, पण ते परीक्षकासारखं वाटलं असतं म्हणून तिनं गिळलं.

कस्तुरा आजीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर केली.

"हाशमनी पोर शेस का तू?"

नाजमीन हो म्हणाली.

"तो गया," आजी म्हणाली. "आम्ही नही इसरनूत." आणि पोरीला भाकरीचा गरम पापुद्रा दिला. हुमानं तो फुंकर मारून खाल्ला. हात पुसायचे राहूनच गेले.

नातं आजीनंच जुळवलं. झुलाल म्हणून मूळ पुरुष. त्याला दोन मुलगे. एक कस्तुराचा नवरा, दुसरा हाशमचा बाप. म्हणजे हाशम आणि अफरीनचा बाप चुलतभाऊ, आणि नाजमीन व अफरीन एका पिढीच्या, बहिणी. अफरीन लाजली, मॅडम म्हणतच राहिली. आजीनं तिला दटावलं, मॅडम तठे, धुळाले. आठे ती तुनी मोठी बहीण शे. मग नाजमीनकडे वळून म्हणाली, "बठ्ठा आपलाच शेतस. लिखी ले."

बठ्ठा, म्हणजे सगळे. नाजमीननं लिहून घेतलं. त्या घरात तिनं दहा रविवार काढले. मेढीला हळद लावताना घ्यायची नावं, मयतीनंतर तिसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेर ठेवायची भाकरी, पोर जन्मल्यावर म्हणायचं गाणं. आजी सांगायची, ती लिहायची. आजी एखादं गाणं म्हणत असली की अफरीन बोटानं ताल धरायची आणि नाजमीनची लेखणी थांबायची. ताल लिहिता येत नव्हता. पण त्या घरातून निघताना तिला दर वेळी वाटायचं, पोटात काहीतरी जागेवर बसतंय. इतकी वर्षं आपण नेमक्या कुठून बोलतोय हे तिला माहीत नव्हतं.

धुळ्याला घरी ती भाजी चिरताना बोलीतली वाक्यं घोकायची. एक दिवस हुमा दारात उभी राहून कनीजला, म्हणजे आपल्या दादीला, म्हणाली, "दादी, आठे ये." कनीजच्या हातातला तसबीचा मणी थांबला. सुनेच्या दाखल्यावर तडवीच्या आधी 'भिल' लिहिलंय हे तिला याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून ती सुनेशी नीट बोलत होती, पण पाहुणे आले की नोकरीचा विषय स्वतःच बदलायची. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, की बहू, नोकरी तुझी आहे, पोरगी आमची आहे. अतिकनं आईला गप्प केलं. नाजमीनला मात्र सासूच्या जागी आपले अब्बा दिसले आणि तोंडावर बसलेली ती चापट आठवली.

अर्जासोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. तोताराम सरांच्या मेहुण्याची केस मागे पास झाली होती, त्यामुळे त्यांना या कामाची माहिती होती. ते म्हणाले, वंशावळ भरदार हवी, नुसते आजोबा आणि वडील पुरणार नाहीत. दुसऱ्या शाखेच्या शाळेच्या नोंदी स्वच्छ असतील तर त्या जोडा. अफरीनच्या शाखेच्या नोंदी स्वच्छ होत्या. तिचा बाप चौथीपर्यंत शिकला होता आणि त्याच्या दाखल्यावर ठळक अक्षरात 'तडवी भिल' होतं. नाजमीननं विचारलं तेव्हा आजीनं कागद वाचून दाखवायलाही सांगितलं नाही. शाईत अंगठा बुडवला आणि टेकवला. वंशावळीत सगळ्यात वर झुलाल, खाली दोन फांद्या, आणि तळाशी एका ओळीत दोन नावं: नाजमीन हाशम तडवी, अफरीन विक्रम तडवी. नाजमीननं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुढे कितीतरी दिवस बसमध्ये, तासांच्या मध्ये ती तो उघडून बघायची.

जानेवारीत समितीचा चौकशीचा पोलीस अधिकारी मेहरूणला अब्बांच्या घरी गेला. कधी येईल ते कळवलेलं नव्हतं. त्या वेळी नाजमीन धुळ्यात वर्गावर होती. अब्बांना तिनं चार वेळा जाऊन समजावलं होतं. काय विचारतील, काय सांगायचं, कुठला कागद दाखवायचा, हे सगळं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून उशीखाली ठेवलं होतं. अब्बा हो हो म्हणाले होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक होता. साहेब चांगला होता, त्यानं चहाही घेतला, असं इकडचं तिकडचं सांगत राहिले. मग कळलं ते असं. साहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसला, पोलिसाची गाडी बघून गल्ली जमली, शेजारचे हाजीसाहेब चौकशीला येऊन उभे राहिले. आणि सगळ्यांसमोर साहेबानं मोठ्यानं विचारलं, तुम्ही कोण.

"तुम्ही काय सांगितलं, अब्बा?"



"तीस साल से यही बताया है, बेटा," अब्बा म्हणाले. "मुँह से वही निकला."

साहेबानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं होतं, तडवी पठाण, आणि खाली त्यांची सही घेतली होती. नाजमीनला ओरडावंसं वाटलं. पण हुमा पायाशी खेळत होती, आणि अब्बा एवढ्या हळू आवाजात बोलत होते की ओरडायचं कुणावर ते कळेना. तिनं विचारलं, जेवलात का. ते म्हणाले, जेवतो.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. मोठं टेबल, पलीकडे तिघं, बाजूला टंकलेखक. मधल्या बाई वयस्कर होत्या आणि बोलायला मऊ होत्या. अब्बांच्या जबाबावर त्यांनी फार ताणलं नाही. शाळेच्या नोंदीवर नाजमीननं खुलासा दिला तो त्यांनी ऐकून घेतला. मग त्या म्हणाल्या, लग्नाबद्दल सांगा.

नाजमीनला सगळं येत होतं. दहा रविवारांची वही तिला पाठ होती. तिनं घसा साफ केला आणि सांगायला लागली, "आमच्यात विवाहविधीचे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात मातुल नातेसंबंधांना विशेष स्थान असतं. म्हणजे वधूचा मामा..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. डाव्या बाजूचे गृहस्थ खिडकीकडे बघू लागले. नाजमीनला आपलाच आवाज ऐकू आला, फळ्यापुढचा, टप्पा पहिला, टप्पा दुसरा. तिला तो थांबवता येईना. सात वर्षांत तिला दुसऱ्या कुठल्या आवाजात चार माणसांपुढे बोलताच आलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही शिकवताय," बाई हळूच म्हणाल्या. "शिकवू नका. तुमच्या लग्नात मेढ कुणी रोवली ते सांगा."

तिचं लग्न जळगावला हॉलमध्ये झालं होतं. फुलांचा गेट, खुर्च्यांना सॅटिनची कव्हरं. मेढ नव्हती. हळद लावून कुणी सात नावं घेतली नव्हती. खोटं सांगता आलं असतं. मामाचं नाव घेतलं असतं तर कोण बघायला जाणार होतं? पण बाईंनी इतकं सरळ विचारलं होतं, की तिच्या तोंडून सरळ उत्तर गेलं.

"आमच्या लग्नात मेढ नव्हती."

टंकलेखकानं ते टाइप केलं. मग डावीकडच्या गृहस्थांनी बोलीत काहीतरी बोलायला सांगितलं. ती बोलली. प्रत्येक वाक्यानंतर थांबून, पुढचं आठवून. तोंडी परीक्षेत पाठांतर म्हणणाऱ्या मुली अशाच बोलतात, हे तिच्या लक्षात आलं. अशा मुलींना आपण किती गुण देतो तेही तिला माहीत होतं.

एप्रिलमध्ये आदेश आला. दावा अवैध. आठ पानं होती. शाळेची नोंद, वडिलांचा जबाब, आणि सातव्या पानावर, 'अर्जदाराचे जमातीविषयीचे ज्ञान पुस्तकी असून अलीकडे संपादन केलेले दिसून येते.' जळगावच्या जागेवर यादीतलं पुढचं नाव रुजू झालं. अतिक म्हणाला, हायकोर्टात जाऊ, कोतवाल बुक खोटं नाही ना, आजोबा खोटे नाहीत ना. औरंगाबादच्या एका वकिलानं कागद बघितले आणि सांगितलं की केस उभी राहील. तुमची ताकद या वंशावळीत आहे, तो म्हणाला. दुसरी शाखा, ते स्वच्छ दाखले, आजीबाईंचा अंगठा. ती शाखा धरून ठेवा.

नाजमीननं ती धरून ठेवली. दुसरं धरायला काही उरलं नव्हतं. जातीचा दाखला जप्त झाला होता. मोहल्ल्यात आणि सासूच्या नातेवाइकांत भिल्ल म्हणून नाव झालं होतं, आणि सरकारनं लिहून दिलं होतं की ही भिल्ल नाही. ती आंघोळ करताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना विचार करायची, की मग आता हुमाला मी कुणाची म्हणून सांगू. पालझिरीला जायची तिला शरम वाटत होती. दोनदा निघाली आणि चोपड्याची गाडी समोर लागली असताना परत फिरली. तुम्ही सांगितलेलं मी बरोबर सांगितलं, पण त्यांना ते माझं वाटलं नाही, हे ती आजीला कुठल्या भाषेत सांगणार होती?

जूनमध्ये पुन्हा मुलाखत झाली. तोताराम सरांनी या वेळी परिचय द्या म्हटलं नाही. नुसतं म्हणाले, बसा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अफरीन आली. बी.ए. पहिल्या वर्गात पास झाली होती, बी.एड.ला राखीव जागेवर तिचा नंबर लागला होता. स्टाफरूममध्ये त्या वेळी कुणी नव्हतं. नाजमीननं तिला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं एक कागद काढून टेबलावर ठेवला.

ती समितीची नोटीस होती, अफरीनच्या नावानं. बी.एड.च्या राखीव जागेसाठी तिनंही वैधतेचा अर्ज केला होता, त्याची. तिचे दाखले स्वच्छ होते, बोली स्वच्छ होती, चौकशीत काहीच निघालं नव्हतं. पण नियमाप्रमाणे रक्तनात्यातल्या सगळ्यांचे निकाल बघतात. 'आपल्या कुटुंबातील नाजमीन हाशम तडवी यांचा दावा या कार्यालयाने अवैध ठरविला आहे. सदर व्यक्ती आपल्या वंशावळीत असल्याने आपला दावा अवैध का ठरवू नये, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा.'

नाजमीननं ती ओळ पुन्हा वाचली. आपल्या कुटुंबातील. आठ पानांच्या आदेशात त्यांनी तिची एकही गोष्ट मानली नव्हती. हे मात्र मानलं होतं.

"मी नव्हतं करायला पाहिजे," ती म्हणाली. "तुझं नाव त्यात घालायला नको होतं."

"तुम्ही कुठं घातलंत," अफरीन म्हणाली. "आजीनंच घातलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नाजमीनला बरं वाटलं असतं. अफरीन सांगू लागली. बापानं चोपड्याला विचारपूस केली. कोर्टाबाहेर कागद करून देणारा एक माणूस आहे. त्यानं सांगितलं, यातून एकच वाट आहे. तुमचा आणि त्या बाईंचा संबंध नाही असं दोन्हीकडून लिहून द्या. आधीची वंशावळ गैरसमजातून दिली गेली असं म्हणायचं. बाईंनी सही केली तर पोरगी वाचेल. ॲडमिशनची शेवटची तारीख शुक्रवार होती.

तिनं दुसरा कागद काढला. तो स्टॅम्पपेपर होता, टाइप केलेला. नाजमीन वाचायला लागली. झुलाल तडवी यांना एकच मुलगा होता. नाजमीन हाशम तडवी यांच्या घराण्याशी आमच्या घराण्याचा कसलाही रक्तसंबंध अथवा सोयरसंबंध नाही. सदर व्यक्तीस आम्ही ओळखत नाही. खाली अफरीनची सही होती, बापाची वेडीवाकडी सही होती, आणि त्याखाली निळ्या शाईतला अंगठा. त्याखालची एक जागा रिकामी होती आणि तिथं पेन्सिलीनं बारीक फुली केलेली होती.

ही सही केली की हायकोर्टाचं संपलं, हे तिला कळत होतं. वकिलाला फोन करायची गरज नव्हती. आणि सही केली नाही तर काय, तेही समोर उभं होतं. बाहेर व्हरांड्यातून नव्या मुली जात होत्या. प्रथम वर्षाच्या, अजून वर्ग सापडत नसलेल्या.

"अतिक भाईंना विचारा हवं तर," अफरीन म्हणाली. "मी उद्या येते."

नाजमीननं नको म्हटलं. तिनं पेन उघडलं. मग थांबली.

"आजीला वाचून दाखवलं होतं का हे?"

"दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं."

"काय म्हणाली?"

अफरीन खिडकीकडे बघत राहिली. पहिल्यांदाच ती सरळ तोंडाकडे बघत नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. "विचारलं, अंगठा कुठं करू."

नाजमीननं फुलीवर सही केली. अफरीननं कागद उचलून शाई वाळेपर्यंत हातात आडवा धरला, मग पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड दुमडलं. येते मॅडम, म्हणाली आणि गेली.